वाकड्या पाइपाची सरळ गोष्ट

दिवाळीच्या आधीच्या महिन्यात गृहिणींनी भाजणीची आणि अनारशांची चिंता वाहावी आणि पुरुषांनी बोनसची, असा आपल्याकडचा जुना शिरस्ता आहे. २०२३ साली आमच्या घरी मात्र तो मोडला. त्या महिन्यात एका सकाळी अस्मादिक परसात चूल पेटवून, स्वयंपाकघरातली सर्वांत मोठी कढई तिच्यावर ठेवून, तिच्यात वाळू भाजत बसले होते. सौ.नं हे दृश्य दारातून क्षणभर पाहिलं आणि ती म्हणाली, "अहो, भडभुंज्याचा धंदाच काढायचा असेल, तर निदान मूठभर चणे तरी टाका त्यात!"

मी काहीच बोललो नाही. कारण वाळू का भाजायची हे सांगायचं, तर पाइप का वाकवायचा हे सांगावं लागलं असतं. आणि पाइप का वाकवायचा हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. ते तुम्हांला मात्र सांगायला हवं.

आमचं घर म्हणजे पुण्यातल्या एका जुन्या पेठेतला वाडा. वाड्याचा जिना ज्यांनी चढला-उतरला आहे, त्यांना वर्णनाची गरज नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. वरून उतरताना आधी नऊ उभ्या पायऱ्या, मग पाटाएवढा एक चौकोनी टप्पा, तिथून उजवीकडे वळून आणखी चार पायऱ्या आणि मग अंगण. प्रत्येक पायरीची उंची २२ सेंटिमीटर आणि पाऊल ठेवायला जागा २४. म्हणजे जिना कमी आणि शिडी जास्त! दिवसाही तिथं अंधार असतो. आधाराला काय, तर डाव्या हाताला वरच्या कडीपासून लोंबणारा एक जाड दोर. तीन पिढ्या त्या दोराला धरून चढल्या आणि उतरल्या.

"अरे, त्या जिन्याला काहीतरी कठडा कर," असं आई दोन वर्षं म्हणत होती. मी दोन वर्षं "करू या" म्हणत होतो. मागच्या शेडमध्ये माझं छोटंसं कामठाण आहे. तिथं मी नातवाची ढकलगाडी केली, शेजाऱ्यांच्या पंख्याला नवं बेअरिंग बसवलं. कठडा तेवढा राहिला.

त्या साली श्रावणात आई टप्प्यावरून वळताना पडली. दोर तुटला नाही. दोराचा दोष तुटण्यात नसतोच. भार पडला की तो ज्या बाजूला झुकू नये त्याच बाजूला झुकतो. मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लॅस्टर राहिलं आणि ते निघालंही. पण आई त्यानंतर खाली उतरली नाही. तुळशीला पाणी सून घालू लागली. ओट्यावर संध्याकाळी जमणाऱ्या तिच्या मैत्रिणी अंगणातून वर पाहून दोन शब्द बोलत आणि जात. आम्ही विचारलं, की आई म्हणे, "वर सगळं आहे की रे! खाली येऊन मला काय करायचंय?" वय वर्षं चौऱ्याऐंशी. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच मला सोसवत नव्हतं.

एका फॅब्रिकेटरला बोलावलं. माणूस सरळ होता. तो म्हणाला, "सरळ पाइप लावू, वळणावर तयार एल्बो जोडून वेल्ड करू, घासून गुळगुळीत करून देऊ." एरवी त्यात काही वावगं नाही. पण मी डोळे मिटून, भिंतीवर डावा हात टेकवून तो जिना पुन्हा पुन्हा उतरून पाहिला, आणि एक गोष्ट ध्यानात आली. अंधाऱ्या जिन्यावर म्हातारं माणूस डोळ्यांनी उतरत नाही, हातानं उतरतं. हात सरकत राहिला, तर पाऊल निर्धास्त पडतं. काटकोनात वळलेल्या एल्बोवर हात अडतो, सुटतो आणि पुढं पुन्हा आधार शोधतो. आई पडली ती नेमकी तिथंच. तेव्हा कठडा वरपासून खालपर्यंत एकाच पाइपाचा आणि वळणं ऐसपैस हवीत. आणि खरं सांगायचं तर, दोन वर्षांची दिरंगाई माझी होती. ती दुसऱ्याच्या हातून निस्तरावी असं मला वाटेना.

* * *

पाइपाच्या बाबतीत पहिला धडा वखारीतच मिळाला. आपण ज्याला 'एक इंची' म्हणतो, त्या पाइपाचा बाहेरचा व्यास एक इंच नसतो. तो असतो ३३.७ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंचाहून थोडा जास्तच. इंच म्हणायचं ते आतल्या पोकळीला, आणि तेही ढोबळ मानानं. याचे तीन प्रकार मिळतात : हलका, मध्यम आणि जड. व्यापारी त्यांना ए, बी आणि सी क्लास म्हणतात आणि पिवळ्या, निळ्या आणि तांबड्या पट्ट्यावरून ते ओळखतात. गंमत अशी, की तिन्हींचा बाहेरचा व्यास एकच, कारण आटे आणि सॉकेट सर्वांना सारखेच बसले पाहिजेत. फरक सगळा भिंतीच्या जाडीत. हलक्याची सुमारे २.६ मिलिमीटर, जडाची ४. मुठीत धरून पाहिला, तर ३३.७ मिलिमीटरचा पाइप आईच्या हाताला बरोबर बेतल्यासारखा होता. मी तांबड्या पट्ट्याचा जड पाइप घेतला : लांबी सहा मीटर, वजन सतरा-अठरा किलो.

"कठड्याला एवढा जड कशाला, साहेब?" वखारवाल्यानं विचारलं. "वाकवायचा आहे," मी म्हणालो. त्यानं माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं आणि पैसे मोजून घेतले.

जड पाइप घेण्यापूर्वी मी घरातल्या एका हलक्या तुकड्यावर हात साफ करून घेतला होता. परसातल्या चिंचेच्या बेचक्यात तो अडकवला आणि दोन्ही हातांनी ओढला. लहानपणी पपईच्या पानाचा पोकळ देठ आपण सर्वांनीच वाकवून पाहिला आहे. थोडा वेळ तो गोलाईनं वळतो आणि मग एकाएकी मध्येच चपटा होऊन मुडपतो. माझ्या पाइपाचं तंतोतंत तेच झालं.

असं का व्हावं? रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पाइप काटकोनात वळवायचा म्हणजे त्याच्या बाहेरच्या अंगाला लांबचा रस्ता आणि आतल्या अंगाला जवळचा. आमच्या ३३.७ मिलिमीटरच्या पाइपाला १५० मिलिमीटर त्रिज्येचं वळण द्यायचं, तर मधल्या रेषेची लांबी येते २३६ मिलिमीटर, बाहेरच्या अंगाची २६२ आणि आतल्या अंगाची २०९. मुळात सरळ पाइपात ही तिन्ही अंगं सारख्याच लांबीची होती! म्हणजे बाहेरच्या पोलादानं सव्वीस मिलिमीटर ताणून वाढायचं आणि आतल्यानं तेवढंच दाबून आखडायचं. वळण मोठं घ्या की लहान, काटकोनासाठी हे सव्वीस मिलिमीटर काही चुकत नाहीत. फरक इतकाच, की मोठ्या वळणात ते लांब अंतरावर वाटले जातात आणि लहान वळणात थोडक्या जागेत कोंबावे लागतात. १५० मिलिमीटरच्या वळणात ताण येतो शेकडा अकरा. ७० मिलिमीटरच्या वळणात शेकडा चोवीस. आणि असल्या पाइपाचं पोलाद तुटेपर्यंत ताणलं जातं ते साधारण शेकडा वीसच्या आसपास.

त्यातून पाइप पोकळ. ताणलेलं बाहेरचं अंग आत यायला पाहतं, आखडलेल्या आतल्या अंगाला सुरकुती पडू पाहते, आणि दोघांना दूर ठेवायला मध्ये कोणीच नसतं. पातळ भिंत लगेच हार खाते. जाड भिंतीला वाकवायला दीडपट बळ लागतं, पण ती स्वतःच स्वतःचा आधार असते. वाकायला अवघड, तेवढीच मुडपायलाही अवघड. आमच्या घरी वरच्या मजल्यावर याचं एक जितंजागतं उदाहरण होतंच.

* * *

दुसरी चूक अधिक गंभीर, आणि ती मी मुद्दाम सविस्तर सांगतो; कारण घरी खटपटी करणाऱ्या वाचकांपैकी कोणीतरी ती करण्याचा संभव आहे. तापवलं म्हणजे पोलाद मऊ होतं हे शाळकरी ज्ञान मला होतं. नळाच्या कामातून उरलेला एक जस्ताचा मुलामा दिलेला पाइप शेडमध्ये पडला होता. तो व्हाइसमध्ये धरला, दार लावून घेतलं आणि ब्लोलँप लावला. पाइप लाल होऊ लागला तसा पांढरा धूर निघाला आणि तोंडाला गोडसर, धातूसारखी चव आली. मला वाटलं, काम झकास चाललं आहे!

संध्याकाळी हुडहुडी भरली. रात्री अंग फणफणलं, छाती जड झाली, हाडन् हाड दुखू लागलं. डॉक्टरांनी आधी डासांची चौकशी केली, मग पाण्याची, आणि शेवटी विचारलं, "दिवसभर केलंत काय?" मी सांगितलं. ते म्हणाले, "जस्ताचा धूर! ओतारी लोकांना हा ताप पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे." जस्त ४२० अंशांना वितळतं आणि ९०७ अंशांना उकळतं, लालभडक पोलादावर त्याची वाफ होते, ती हवेत जळून पांढरी भुकटी बनते आणि श्वासाबरोबर छातीत जाते. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. पण मुलामा दिलेला पाइप बंद जागेत तापवणं म्हणजे विस्तवाशी नव्हे, विषाशी खेळणं आहे, हे मी त्या रात्री शिकलो. तापवायचा तो काळा, बिनमुलाम्याचाच पाइप, आणि तोही उघड्यावर.

आई जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन उभी राहिली होती. तिथूनच तिनं सुनेला विचारलं, "माझ्या कठड्यापायीच ना गं हे? सांग त्याला, मला नको कठडा." मी पांघरुणात तोंड खुपसून पडून राहिलो.

ताप गेल्यावर शहाणपण आलं आणि मी आमच्या मिस्त्रींना गाठलं. हे गृहस्थ चाळीस वर्षं साखर कारखान्यांतून वाफेच्या पाइपांची कामं करून आता घरी बसले आहेत. माझा मुडपलेला तुकडा त्यांनी हातात घेऊन एखाद्या वैद्यासारखा निरखला आणि म्हणाले, "काका, पाइपाला घाई चालत नाही. बाहेरच्या अंगाला ताणायला वेळ द्यायचा आणि आतल्या अंगाला टेकायला जागा द्यायची. एवढंच शास्त्र आहे."

एवढंच शास्त्र, पण त्यासाठी माणसांनी काय काय केलं आहे! पितळी वाद्यं घडवणारे कारागीर कर्ण्याची नळी वळवण्याआधी तिच्यात राळ ओतून थिजवतात, वळण झालं की तापवून काढून टाकतात. कोणी साबणाचं पाणी भरून ते गोठवतात. नळी भरीव झाली की चपटी व्हायला जागाच उरत नाही. जर्मनीत रेमशाइड गावी कानशी बनवणाऱ्या घराण्यातल्या राइनहार्ड आणि माक्स मानेसमान या भावांनी १८८५ साली भरीव पोलादी कांबीतूनच, तिरप्या रुळांमध्ये फिरवून, बिनसांध्याची नळी काढली. पुढं १९२५ साली डेसाऊच्या बाउहाउस या कलाशाळेत शिकवणारा मार्सेल ब्रॉयर नावाचा तेवीस वर्षांचा तरुण सायकलवरून हिंडता हिंडता तिच्या हँडलाकडे पाहून विचारात पडला : पोलादाची नळी अशी वळते, तर तिची खुर्ची का होऊ नये? ती झाली, आणि तिच्या वंशातल्या खुर्च्या आज घराघरांत, कचेऱ्यांत आहेत. पहिली खुर्ची करताना ब्रॉयरनंही एका प्लंबरलाच मदतीला घेतलं होतं, हे वाचून मला आमच्या मिस्त्रींविषयीचा आदर दुणावला.

* * *

मिस्त्रींनी प्रथम पाइपाला हातच लावू दिला नाही. त्यांनी मला जाड तार आणायला लावली आणि जिन्याच्या भिंतीला धरून ती वरपासून खालपर्यंत वाकवून घेतली. उतार संपून टप्प्याशी सपाट होणारा एक वाक, कोपऱ्यात उजवीकडे वळणारा दुसरा, आणि पुन्हा उताराला लागणारा तिसरा. पहिला आणि तिसरा साधारण ४२ अंशांचा, मधला ९० चा. "कागद खोटं बोलतो, तार बोलत नाही," असं त्यांचं म्हणणं.

खालच्या टोकाला त्यांनी एक चौथा वाक सुचवला : शेवट भिंतीकडे वळवून घ्यायचा. उघड्या टोकात पदर अडकतो, बांगडी अडकते. हा वाक मात्र आखूड, ७० मिलिमीटर त्रिज्येचा. शेकडा चोवीस ताण! थंड पाइपाला तो देणं धोक्याचं. तो भट्टीतच द्यायला हवा, आणि भट्टीत द्यायचा तर पाइपात वाळू हवी.

आता कढईचा उलगडा झाला असेल. वाळू कोरडी ठणठणीत लागते. तिच्यात थोडं जरी पाणी राहिलं, तरी पाइप तापताच त्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ते दीड हजार पटींहून अधिक फुगतं, आणि दोन्ही टोकांना बुचं मारलेल्या पाइपाची तोफ होते. म्हणून चाळलेली वाळू तासभर भाजली. मग पाइप उभा करून थोडी थोडी ओतली आणि खालपासून वरपर्यंत लाकडी हातोडीनं ठोकत गेलो. प्रथम पाइप घंटेसारखा वाजत होता. वाळू बसत गेली तसा आवाज बद्द होत गेला. वाळू खाली बसे, पुन्हा भर घालावी लागे. शेवटी निमुळती लाकडी बुचं ठोकून बसवली.

हा आमचा सहा मीटरचा बाण हातगाडीवर घालून, पुढं मी आणि मागं मिस्त्री, असे आम्ही पेठेच्या गल्ल्यांतून लोहाराच्या भट्टीवर गेलो. वाटेत भेटलेल्या प्रत्येकानं "काय, मांडव का?" म्हणून विचारलं. लोहारानं पाइपाचं टोक केशरी होईतो तापवलं, दोन लोखंडी खुंट्यांमध्ये धरलं आणि सावकाश ओढलं. जिथं वाकायला नको तिथं मिस्त्री तांब्यानं पाण्याची धार धरत होते. थंड झालेला भाग ताठ राहतो आणि वाक पुढं सरकतो. पाइप लोण्यासारखा वळला. वाळू झाडून काढली, तर आतून-बाहेरून गोल! मी लोहाराला हवे तेवढे पैसे देऊन टाकले असते. त्यानं मागितले फार थोडे.

बाकीचे तीन वाक थंड द्यायचे होते. या जाडीच्या पाइपाला एक मीटर लांबीच्या दांड्यानं वाकवायचं, तर टोकाशी सत्तर-ऐंशी किलोंचा भार द्यावा लागतो. मी आधी माझ्या टेबलावरच्या व्हाइसवर हा प्रयोग करून पाहिला होता. पाइप वाकला नाही; टेबल उठलं. म्हणून मिस्त्रींनी आपल्या जुन्या ओळखीतून जॅकचा बेंडर मागून आणला. मोटारीखाली लावतात तसला तेलाचा जॅक, त्याच्या माथ्यावर पाइपाच्या गोलाईचा, सुमारे १५० मिलिमीटर त्रिज्येचा खोबणीचा साचा, आणि समोर दोन टेकू. दांडा खालीवर करायचा. साचा मिलिमीटर-मिलिमीटरनं पुढं येतो आणि त्या खोबणीत पाइपाच्या आतल्या अंगाला टेकायला जागा मिळते. पाइपावर लांबीभर वेल्डिंगची एक पुसट रेघ असते, ती ताणाच्या किंवा दाबाच्या बाजूला न येता कुशीला येईल अशी ठेवायची. या सगळ्याच गोष्टी मिस्त्री न बोलता करत होते.

पहिला वाक ४२ अंशांवर आणून मी जॅक सोडला, तर पाइप दोन-तीन अंश परत उलगडला. पोलाद आपलं सरळपण विसरत नाही. थोडं जास्तच वाकवावं, म्हणजे मागं येऊन ते बरोबर जागी थांबतं. हा अंदाज पुस्तकात सापडत नाही. त्याच पाइपाच्या तुकड्यावर आधी घ्यावा लागतो.

मग दुसरा वाक. पहिला वाक आता आडवा ठेवून, पाइप आपल्या अंगाभोवती पाव फेरा फिरवून, कोपऱ्याचा काटकोन द्यायचा. त्या दिवशी मिस्त्री नातीच्या वाढदिवसाला गेले होते. मी खडूनं खूण केली, पाणसळ लावली, दांडा मारत मारत अगदी ९३ अंशांपर्यंत नेलं, सोडलं; गुण्या लावला तर नव्वद! इतका सुबक वाक उभ्या आयुष्यात माझ्या हातून झाला नव्हता. मी पाइप उचलून जिन्याशी नेला.

पाइप डावीकडे वळत होता. जिना उजवीकडे वळतो.

पाव फेरा मी उलट बाजूला फिरवला होता. तार तिथंच, चार हातांवर खुंटीला टांगलेली होती. मी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. दिवाळी बारा दिवसांवर आली होती. इतका जाड पाइप एकदा काटकोनात वळला, की पुन्हा सरळ करून उलटा वळवता येत नाही. ताणलेलं पोलाद दुसऱ्यांदा तसा छळ सोसत नाही. मी तिथंच पायरीवर बसलो. सौ. आली, तिनं पाइप पाहिला, जिना पाहिला. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. तिनं चहाचा कप पुढं केला आणि म्हणाली, "वाळू पुन्हा भाजायची असेल, तर चकल्यांच्या आधी भाजा. नंतर कढई मिळायची नाही."

* * *

दुसरा पाइप आणला. तीच वखार, तीच कढई, तीच हातगाडी, तोच लोहार. या वेळी प्रत्येक वाकाआधी तार आणि पाइप शेजारी शेजारी ठेवून आम्ही दोघांनी मोठ्यानं म्हणायचं, "उजवीकडे!" आणि मगच जॅकला हात लावायचा. तीन वाक झाले. वरच्या टोकाशी हातभर लांबी जास्तीची ठेवली होती, ती जागेवर मापून कापली.

बसवणं हे निराळंच प्रकरण. जुन्या वाड्याची भिंत माती-विटांची. तिच्यात प्लग मारले, तर हातानं उपसून येतात. मिस्त्रींनी भिंतीत दडलेले सागवानी खांब ठोकून ठोकून शोधले आणि ब्रॅकेटचे लांब स्क्रू त्यांत घेतले. उंची मात्र मी आईला विचारून ठरवली. वरच्या पायरीवर तिला उभं केलं, हात सैल सोडून कोपर थोडं वाकवायला सांगितलं आणि तळव्याशी खूण केली. नियमांच्या पुस्तकातल्या मापापेक्षा ती चार बोटं खाली आली. आईचं मापच खरं धरलं.

वसुबारसेच्या संध्याकाळी आईनं वरूनच हाक मारली. "अरे, तुळशीपाशी दिवा कोण लावतंय?"

"तूच लाव की," मी अंगणातून म्हणालो. माझा आवाज मला वाटला तेवढा सहज निघाला नाही.

ती पायरीवर आली. दोराची सवय असलेला डावा हात क्षणभर हवेत चाचपडला, मग पाइपावर बसला. मी वर जायला निघालो, तेव्हा सौ.नं माझा सदरा धरला. "येऊ द्या त्यांना."

नऊ पायऱ्या आई मोजत आली. ओठ हलताना दिसत होते. टप्प्यावर ती थांबली. इथंच! हात कोपऱ्याच्या वळणाकडे सरकला, सुटला नाही, वळणाबरोबर फिरला, आणि हाताबरोबर आई फिरली. उरलेल्या चार पायऱ्या ती मोजल्याशिवायच उतरली. शेवटी तिचा हात भिंतीकडे वळलेल्या टोकाशी जाऊन टेकला, आणि ती अंगणात उभी होती.

"जिना संपला हे हाताला कळतं रे!" ती म्हणाली. मग दिवा लावला, तुळशीच्या कट्ट्यावर टेकली, चहूकडे पाहिलं आणि म्हणाली, "एवढा चांगला दोर होता, तो टाकलास कुठं?"

दोर टाकला नव्हता. परसात डावीकडे वळणारा तो पहिला पाइप मी उभा पुरला आहे. पुढच्या उन्हाळ्यात त्याच्यावर मोगऱ्याचा वेल चढला. तो त्याच दोरानं बांधला आहे. आई रोज संध्याकाळी खाली उतरून त्याची फुलं मोजते.